एडिटिंग हँग होतंय? आधी ती एक क्लिप शोधा

मी कराडमध्ये लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. एप्रिल-मेमध्ये रोज एक कार्यक्रम हातात असतो आणि नेमकी तेव्हाच टाइमलाइन (क्लिपा ओळीनं मांडायची पट्टी) गोठते. कुणालाही विचारा, पहिला सल्ला मिळतो, 'विंडोज मारून घे,' म्हणजे पुसून नव्यानं बसव. कृपा करून ते शेवटी करा. पूर्ण दिवस जातो, सगळे प्लगइन परत बसवावे लागतात आणि बहुतेक वेळा दुखणं तिथं नसतंच.

हँग झाल्यावर पहिल्यांदा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. मेमरी पूर्ण भरली असेल तर ब्राउझर बंद करा. 4के फुटेजला 16 जीबी रॅमही जेमतेम पुरते. डिस्क 100 टक्क्यांवर अडकली असेल तर फुटेज कुठं ठेवलंय ते बघा. पेनड्राइव्हवरून किंवा जुन्या यूएसबी 2.0 पोर्टला लावलेल्या हार्ड डिस्कवरून एडिट करू नका. फुटेज आधी एसएसडीवर घ्या.

आणि सगळे आकडे शांत असूनही स्क्रीन गोठलेली असेल तर? मग मला संशय येतो एखाद्या क्लिपचा.

गेल्या मे महिन्यात हेच झालं. प्लेहेड (टाइमलाइनवरची सरकती रेघ) हळदीच्या एकाच जागी आला की सगळं थांबायचं. ती क्लिप नवरीच्या मामेभावानं फोनवर घेतलेली होती. फोनचा व्हिडिओ बऱ्याचदा एच.265 या, फाइल दाबून लहान करायच्या पद्धतीत असतो. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते, आजूबाजूच्या फ्रेमवरून ती उभी करावी लागते. शिवाय उजेडाप्रमाणे फोन फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) कमीजास्त करतो. नुसतं बघायला त्यानं काही अडत नाही, पण टाइमलाइनवर पुढं-मागं जाताना सॉफ्टवेअरची दमछाक होते.

अशी क्लिप सापडत नसेल तर प्रोजेक्टची कॉपी करून अर्ध्या क्लिपा काढून टाका. हँग थांबलं तर दोषी त्या काढलेल्या अर्ध्यात आहे. मग त्याचेही दोन भाग करा. 200 क्लिपा असल्या तरी सात-आठ वेळात नेमकी फाइल हाती लागते. व्हीएलसी प्लेयरमध्ये ती उघडून कंट्रोल-जे दाबलं की कोडेक, म्हणजे फाइल कुठल्या पद्धतीनं दाबली आहे ते दिसतं. मग हँडब्रेक या व्हिडिओचा प्रकार बदलायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एच.264 (उलगडायला हलकी असलेली जुनी पद्धत) निवडा, फ्रेमरेट मूळचाच ठेवा, पण 'कॉन्स्टंट' (एकसारखा) वर टिक करा. नवी फाइल त्याच जागी बसवा. मूळ फाइल मात्र पुसू नका. फोनवर एचडीआर (उजेड-रंग जास्त टिपणारा मोड) चालू असेल तर रंग बदललेले दिसू शकतात, तेव्हा ती लागते.

कॅमेऱ्याच्या 10-बिट 4:2:2 (म्हणजे रंगांची जास्त माहिती साठवणाऱ्या) एच.265 फुटेजचं प्रकरण वेगळं. ते हार्डवेअरवर उलगडायला इंटेलचा 11व्या पिढीपासूनचा ग्राफिक्स असलेला प्रोसेसर लागतो. एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय आरटीएक्स 50 मालिकेपासून आली. म्हणजे महागडं पण जुनं कार्ड इथं उपयोगी पडत नाही, आणि दुकानात हे कुणी सांगत नाही. नवीन मशीन घेण्याआधी प्रॉक्सी, म्हणजे क्लिपांच्या हलक्या नकला, करून बघा: आकार 1280 बाय 720, फॉरमॅट प्रोरेझ प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी. एडिट हलक्या फाइलवर होतं, एक्सपोर्ट मूळ फाइलवरून. माझ्या सहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर तीन कॅमेऱ्यांच्या मंगलाष्टका अशाच कापून होतात.

मीडिया कॅश (सॉफ्टवेअरनं स्वतःच्या सोयीसाठी बनवलेल्या तात्पुरत्या फाइली) सी ड्राइव्हवर साचत जातो, तो सेटिंगमधून दुसऱ्या ड्राइव्हवर न्या आणि जुना पुसा. मूळ फुटेजला धक्का लागत नाही, फक्त प्रोजेक्ट पुढच्या वेळी उघडायला वेळ लागतो. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालची हवा कोंडते.

ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर ठेवा आणि त्याचा फोल्डर वेगळ्या ड्राइव्हवर द्या. प्रॉक्सी मी रात्री जेवायच्या आधी लावते. जेवण, भांडी उरकून येईपर्यंत हळदीचा सगळा भाग तयार असतो.