उसाच्या फडात बिबट्याची पिल्ले सापडल्यास

जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पुणे जिल्ह्यातील तालुक्यांत ऊसतोडीच्या वेळी पाचटात बिबट्याची पिल्ले आढळतात. अशा वेळी तोड तत्काळ थांबवावी, टोळीने फडाबाहेर यावे आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पिल्लांना हात लावू नये, फोटोसाठी तर मुळीच नाही. मादी बहुधा लगतच्या उसातच असते. तपासणीनंतर वनकर्मचारी पिल्ले क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात आणि अंधार पडल्यावर मादी क्रेट पाडून एकेक पिल्लू मानेला धरून नेते, म्हणून त्या रात्री तिथे बॅटरी, ट्रॅक्टर, बघ्यांची गर्दी यांपैकी काहीही नसावे. पिल्ले न सापडलेली मादी वस्तीभोवती घुटमळत राहते. पिल्ले तिला परत मिळेपर्यंत शेळ्या बंदिस्त गोठ्यातच बांधाव्यात.