विमानतळाची संगणक यंत्रणा बदलताय? या चुका टाळा

नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी सुरू झालं. महापे, रबाळे, ऐरोली पट्ट्यातल्या आयटी कंत्राटदारांना बँका, कारखाने, डेटा सेंटर यांची कामं अंगवळणी पडलेली असतात. विमानतळाच्या कामाला तीच सवय घेऊन गेलं की गडबड होते. बँकेतला पीसी, त्यावरचं सॉफ्टवेअर आणि प्रिंटर एकाच मालकाचे असतात. विमानतळावर पीसी विमानतळाचा, चेक-इनचं सॉफ्टवेअर विमान कंपनीचं आणि बॅगा विमानांप्रमाणे वेगळ्या करणारा सॉर्टर तिसऱ्याच कोणी बसवलेला. त्याच काउंटरवर सकाळी एक कंपनी, दुपारी दुसरी. सामायिक काउंटरची ही पद्धत १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकपासून आहे. इथे यंत्र क्वचित बिघडतं, सांधा मात्र वारंवार निखळतो.

"पीसी बदलले की काम झालं"

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून जुने पीसी घाईने काढले जातात. काढण्याआधी प्रत्येक काउंटरची एक नोंद करा: प्रिंटरचं मॉडेल, फर्मवेअर, कोणत्या पोर्टवर आहे, बॉड रेट आणि पॅरिटी (पोर्टवरून माहिती पाठवण्याचा वेग आणि चूक तपासण्याची सेटिंग) काय, त्या काउंटरवर कोणकोणत्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर चालतं. जुना बॅग टॅग प्रिंटर अनेकदा आरएस-२३२ या जुन्या सिरियल पोर्टवर असतो आणि नव्या पीसीला ते पोर्टच नसतं. मग बाजारातला स्वस्त यूएसबी कन्व्हर्टर लागतो. सफाईच्या वेळी कोणीतरी तो काढून शेजारच्या पोर्टमध्ये घालतं, पोर्टचा क्रमांक कॉम ३ चा कॉम ७ होतो आणि पहाटे काउंटर "प्रिंटर सापडत नाही" म्हणून अडून बसतो. कन्व्हर्टर स्वतःचा सिरियल नंबर असलेलाच घ्या, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम क्रमांक पक्का करा आणि न लागणारे यूएसबी पोर्ट झाकणाने बंद करा.

दुसरा घोळ पेक्टॅबचा. पेक्टॅब म्हणजे टॅगवर काय कुठे छापायचं याचा साचा. विमान कंपनीची प्रणाली तो प्रिंटरला पाठवते. मध्येच वीज गेली किंवा प्रिंटर बदलला की साचा उडू शकतो, आणि प्रिंटर त्रुटी दाखवतो किंवा कोरा टॅग बाहेर टाकतो. म्हणून चाचणी अशी करा: एका कंपनीचा टॅग छापा, प्रिंटर बंद करून सुरू करा, पुन्हा छापा, मग लगेच दुसऱ्या कंपनीचा टॅग छापा. चारही पायऱ्या पार पडल्याशिवाय काउंटर पास करू नका.

बारकोडही नीट पाहा. टॅगवर तो उभा आणि आडवा अशा दोन्ही दिशांनी असतो, आणि त्यावरून बिघाड ओळखता येतो. थर्मल हेडचा, म्हणजे उष्णतेने छापणाऱ्या भागाचा, एखादा ठिपका जळाला की कागद सरकतो त्या दिशेने पांढरी रेघ उमटते. त्या दिशेला समांतर असलेल्या रेषांमधली एखादी रेषच त्यात गायब होते, पण काटकोनातला बारकोड बहुधा वाचता येतो. उलट काटकोनातला फरकटलेला दिसत असेल तर उष्णता जास्त आहे किंवा वेग जास्त आहे. पहिल्या प्रकारात हेड बदला, दुसऱ्यात सेटिंग. हेड महाग असतं, नुसतं अंदाजाने बदलू नका.

बॅग चुकते तेव्हा आधी मेसेज तपासा

बॅग टॅगवर १० अंकी क्रमांक असतो: पहिला अंक टॅगचा प्रकार सांगतो, पुढचे तीन विमान कंपनीचे, शेवटचे सहा अनुक्रमांक. टॅग छापला की विमान कंपनीची प्रणाली सॉर्टरकडे बीएसएम, म्हणजे बॅगेचा मूळ संदेश पाठवते. सॉर्टर टॅग वाचतो, त्या क्रमांकाचा बीएसएम शोधतो आणि बॅग कोणत्या च्यूटला, म्हणजे घसरपट्टीला, न्यायची ते ठरवतो. बीएसएम आलाच नसेल तर बॅग निमूटपणे मॅन्युअल एन्कोडिंगच्या, म्हणजे माणसाने हाताने माहिती भरण्याच्या, पट्ट्यावर जाते. तिथे ढीग साचला की दोष पट्ट्याला किंवा स्कॅनरला दिला जातो आणि मेकॅनिक लेन्स पुसत बसतात.

शोधायचा क्रम ठरलेला ठेवा. अडकलेल्या एकाच बॅगेचा क्रमांक घ्या. तो चेक-इन प्रणालीत आहे का? मेसेज पाठवल्याची नोंद आहे का? संदेश पुढे पोचवणाऱ्या मधल्या गेटवेच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) दिसतो का? सॉर्टरने घेतला का? साखळी जिथे तुटली तिथेच बिघाड. एका बॅगेवर दहा मिनिटं दिली तर पट्टा उघडण्याचे दोन तास वाचतात.

या बाबतीत लंडनच्या हीथ्रोचं टर्मिनल ५ प्रत्येकाने लक्षात ठेवावं. २७ मार्च २००८ ला ते उघडलं. चाचणीच्या काळात चाचणीचे संदेश खऱ्या प्रणालीत मिसळू नयेत म्हणून सॉफ्टवेअरमध्ये एक फिल्टर लावला होता, आणि उद्घाटनानंतरही तो तसाच राहिला. इतर कारणंही होती, पण हजारो बॅगा प्रवाशांपासून दुरावल्या त्यात या एका विसराळूपणाचा वाटा होता. म्हणून चाचणीसाठी लावलेला प्रत्येक फिल्टर, प्रत्येक खोटं फ्लाइट, प्रत्येक तात्पुरता पत्ता एका यादीत लिहा. त्यापुढे तो कोण काढणार आणि किती वाजता, हेही लिहा.

१ या अंकाने सुरू होणारे फॉलबॅक टॅग, म्हणजे अडचणीच्या वेळचे पर्यायी टॅग, आधीच छापून ठेवतात. बीएसएम येत नसताना सॉर्टर त्यांच्यावरून बॅग वळवू शकतो. टॅग कपाटात असतात, पण कोणत्या टॅगची बॅग कुठे न्यायची याचं कोष्टक नव्या सॉर्टरमध्ये भरायचं राहून जातं. चालू करण्याआधी प्रत्येक प्रकारचा एक टॅग पट्ट्यावरून फिरवून पाहा.

साडेपाच तासांचा फरक

विमान वाहतुकीतले संदेश बहुतेक यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेत, फलक स्थानिक वेळेत. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहोत, आणि एखाद्या जुन्या प्रोग्रॅममध्ये फरक पूर्ण तासांतच भरायची सोय असते. अर्ध्या तासाचा घोळ लगेच दिसतो तरी, तारखेचा दिसत नाही. आपल्याकडच्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या फ्लाइटची यूटीसी तारीख आदल्या दिवसाची असते, आणि मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं नेमकी याच वेळेत सुटतात. चाचणीत ००:१०, ०५:२५ आणि ०५:३५ ची फ्लाइट जरूर घाला.

बोर्डिंग पासच्या बारकोडमध्ये तारीख वर्षातल्या दिवसाच्या क्रमांकाने असते: १ जानेवारी ००१, ३१ डिसेंबर ३६५. १ मार्च एरवी ०६०, पण २०२८ सारख्या लीप वर्षात ०६१. नव्या गेट रीडरवर वर्ष बदलतानाची आणि लीप वर्षाची चाचणी करा.

घड्याळांसाठी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत: एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) एनटीपी सर्व्हरशी, म्हणजे अचूक वेळ पुरवणाऱ्या सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी वेळ जुळवायची. लॉग १८० दिवस ठेवायचे आणि सायबर घटना ६ तासांत कळवायची. सर्व्हर जुळवले जातात, सॉर्टरचे पीएलसी (यंत्र चालवणारे छोटे संगणक) आणि कॅमेरे मात्र राहून जातात. मग बॅग कुठे हरवली हे पाहायला बसल्यावर फुटेज आणि लॉग एकमेकांशी जुळत नाहीत.

मराठी फलक आणि दोन विमानतळं

जुन्या शहरांच्या याद्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील तर नुसत्या कॉपी केल्याने अक्षरांची भेळ होते. आधी रूपांतर करा, मग मराठी वाचणाऱ्या माणसाकडून प्रत्यक्ष फलकावर तपासून घ्या. फलकावर "ठाणे", "कोल्हापूर", "सिंधुदुर्ग", "तुमच्या वस्तू दुसऱ्याकडे देऊ नका" एवढं दाखवून पाहा: ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी येतो का, रफार जागेवर आहे का, "ऱ्या" मोडतो का, लांब नाव कापलं जातं का.

महानगरात आता दोन विमानतळं आहेत. डेटाबेसमध्ये "मुंबई" हे नाव मुख्य की (नोंद ओळखायची खूण) म्हणून वापरलं असेल तर दोघांची माहिती एकमेकांत मिसळेल. की म्हणून बीओएम (मुंबई) आणि एनएमआय (नवी मुंबई) हे तीन अक्षरी कोडच वापरा आणि फलकावर नावही पूर्ण लिहा.

एकाच चरातले दोन मार्ग

सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात आणि दोन्ही एकाच पीडीयूत, म्हणजे वीज वाटणाऱ्या पट्टीत, खोचलेले सापडतात. दोन कंपन्यांच्या फायबर लाइन रस्त्याखाली एकाच चरातून जातात, आणि जेसीबीचा एक घाव दोन्हींना पुरतो. मार्गाचा नकाशा लेखी मागा. तांब्याच्या केबलची कायमची जोडणी ९० मीटरच्या आत हवी, त्यामुळे लांबलचक टर्मिनलमध्ये स्विचच्या खोल्या आधी मोजून घ्या. खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत स्विचरूमचा एसी रात्री बंद करू नका.

सगळीकडे एकदम अपडेट

१९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली, आपल्याकडे हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. अपडेट आधी दोन काउंटरवर, २४ तासांनी एका रांगेत, मग उरलेल्यांवर. बिटलॉकरच्या (विंडोजमधल्या डिस्कच्या कुलपाच्या) रिकव्हरी की बंद पडणाऱ्या सर्व्हरवरच ठेवू नका, सीलबंद लिफाफ्यात छापील प्रत ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये हीथ्रो, ब्रसेल्स आणि बर्लिनला सामायिक चेक-इन प्रणालीवरच रॅन्समवेअर (खंडणीसाठी यंत्रणा अडवणारं सॉफ्टवेअर) आलं. तेव्हा स्वतःचे सर्व्हर कितीही मजबूत असले तरी कोरे बोर्डिंग पास, फॉलबॅक टॅग आणि ठरावीक वेळाने ऑफलाइन जतन होणारी प्रवासी यादी काउंटरजवळ हवीच.

बदलाची रात्र निवडताना "रात्री शांत असतं" हे गृहीत धरू नका, वेळापत्रक पाहा. पहाटे ५ चं पहिलं विमान असेल तर काउंटर रात्री २ च्या सुमारास उघडतील. म्हणून जुन्या यंत्रणेकडे मागे फिरायचं की नाही याचा निर्णय रात्री १२:३० ला घ्या, आणि जुने पीसी त्या रात्री गोदामात न पाठवता केबलसह काउंटरखालीच राहू द्या.