ग्राफिक्स प्रोग्रामिंगसाठी शांत डेस्कटॉप संगणकाचे भाग कसे निवडावेत

संगणक जुळवताना आवाजाचा विचार बहुधा यंत्र सुरू झाल्यावर होतो, आणि तोवर फारसे काही हाती उरलेले नसते. आवाज पंख्यांचा येत असला, तरी त्याचे मूळ उष्णतेत असते, आणि उष्णता किती होणार हे भाग निवडतानाच ठरून गेलेले असते. म्हणून प्रत्येक भाग घेताना तो वीज किती खातो हे आधी पाहावे आणि वेगाकडे त्यानंतर वळावे.

आपले काम नेमके कसे चालते हे पहिल्यांदा ध्यानात घ्यावे. ग्राफिक्स प्रोग्रामिंग करणाऱ्याचा बराचसा वेळ कोड वाचण्यात आणि लिहिण्यात जातो, मधूनच एखाददोन मिनिटे कंपाइलर (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) प्रोसेसरचे सगळे कोअर कामाला लावतो, आणि मग प्रोग्राम चालवून चित्र तपासले जाते. तासन्‌तास पूर्ण भाराखाली चालणारे हे यंत्र नव्हे. त्यामुळे निवांत असताना ते किती शांत राहते आणि अचानक आलेला भार आवाज न वाढवता कसे पेलते, या दोन गोष्टींना सर्वाधिक महत्त्व द्यावे.

दुसरी पायरी ग्राफिक्स कार्डाची, आणि सर्वांत जास्त विचार इथेच करावा. प्रोग्रामरने कार्ड वेगापेक्षा सुविधांवरून निवडावे. मेश शेडर (आकृत्यांची जाळी कार्डावरच घडवणारे छोटे प्रोग्राम) आणि हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढण्याची कार्डातलीच यंत्रणा) या दोन्ही सोयी एनव्हिडियाच्या २०१८ मधील आरटीएक्स २० मालिकेपासून, एएमडीच्या २०२० मधील आरएक्स ६००० मालिकेपासून आणि इंटेलच्या २०२२ मधील आर्क कार्डांपासून मिळतात. व्हल्कन किंवा डायरेक्टएक्स १२, म्हणजे कार्डाकडून चित्र काढून घेण्याच्या प्रोग्रामिंग प्रणाली, शिकण्यासाठी यांपैकी कोणतेही कार्ड चालेल. कूडा (कार्डावर सर्वसाधारण गणिते करवणारी एनव्हिडियाची प्रणाली) वापरायचे असेल तर मात्र एनव्हिडियाला पर्याय नाही. फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे एकेक चित्र, उलगडून पाहण्यासाठीचे रेंडरडॉक हे साधन तिन्ही कंपन्यांच्या कार्डांवर चालते, पण खोलवर मोजमाप करणारी साधने ज्या त्या कंपनीची असतात, तेव्हा कोणत्या साधनावर आपला रोजचा भर राहणार आहे हे आधी ठरवावे. माझे स्पष्ट मत असे, की मध्यम ताकदीचे कार्डच घ्यावे. कोडमधली उधळपट्टी त्यावर लगेच जाणवते, आणि उष्णताही कमी होते. मेमरी मात्र १२ किंवा १६ जीबी असलेली बरी.

एकाच चिपची कार्डे निरनिराळ्या आकारांत मिळतात. त्यांतले जाड हीटसिंकचे (उष्णता शोषून पसरवणाऱ्या धातूच्या पात्यांचे) आणि हलक्या कामात पंखे पूर्ण थांबवणारे कार्ड घ्यावे, फक्त ते कॅबिनेटमध्ये मावते का हे लांबी-जाडी मोजून पाहावे. कार्ड बसवल्यावर त्याची वीजमर्यादा ७५ ते ८० टक्क्यांवर आणावी. क्लॉकचा, म्हणजे चिपच्या गतीचा, शेवटचा टप्पा गाठण्यासाठी व्होल्टेज वाढवावे लागते आणि वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे या कपातीत वेग थोडाच जातो आणि उष्णता बरीच उतरते.

या कामात भेटणारा एक आवाज पंख्यांचा नसतोच. माझा एक साधा त्रिकोण काढणारा प्रोग्राम रात्री चालू होता, पंखे थांबलेले होते, तरी कार्डातून डासाच्या गुणगुणीसारखा बारीक, टोचणारा सूर येत होता, आणि पडद्यावरची प्रोग्रामची खिडकी लहान-मोठी केली की तो सूरही चढत-उतरत होता. प्रोग्राम सेकंदाला हजारो फ्रेम काढत होता आणि त्या तालावर कार्डावरील कॉइल (तारेची वेटोळी) थरथरत होत्या. व्ही-सिंक, म्हणजे फ्रेमसंख्या पडद्याच्या गतीशी बांधणारी सोय, चालू करताच सूर थांबला. व्हल्कनमध्ये याच कामासाठी फिफो प्रेझेंट मोड आहे. मोजमापाची वेळ सोडून एरवी आपल्या प्रोग्रामची फ्रेमसंख्या बांधलेलीच ठेवावी.

प्रोसेसर निवडताना ८ कोअरचा, ६५ वॅट वर्गातला आणि अंगभूत ग्राफिक्स असलेला घ्यावा. अंगभूत ग्राफिक्स किती उपयोगी पडते हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पडदा त्यावर जोडला, तर आपल्या चुकीच्या शेडरमुळे मुख्य कार्ड अडकले तरी डेस्कटॉप सहसा हातात राहतो, आणि तोच कोड दुसऱ्या ड्रायव्हरवर तपासून पाहण्याची सोयही होते. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या नावाशेवटी ‘एफ’ हे अक्षर असते, त्यांत ही सोय नसते. थंडाव्यासाठी मोठा टॉवर एअर कूलर पुरतो. लिक्विड कूलरचा पंप यंत्र निवांत असतानाही फिरत राहतो, म्हणून या कामासाठी मी तो सुचवणार नाही.

पंख्यांच्या बाबतीत थोडे गणित उपयोगी पडते. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. उलट, तसाच दुसरा पंखा शेजारी लावल्याने आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे एक पंखा जोरात पळवण्यापेक्षा दोन-तीन पंखे सावकाश फिरवणे केव्हाही चांगले. १४० मिमीचे, चार पिनांचे पीडब्ल्यूएम (मदरबोर्डकडून वेग बदलता येणारे) पंखे घ्यावेत आणि कॅबिनेट पुढून जाळीचे निवडावे. आतून फोम लावलेली बंद कॅबिनेटे शांत म्हणून विकली जातात, पण हवेची वाट अडली की पंख्यांना वेग वाढवावाच लागतो.

उरलेल्या भागांचे थोडक्यात आटोपते. पॉवर सप्लाय कमी भाराला पंखा बंद ठेवणारा आणि गरजेच्या सुमारे दुप्पट क्षमतेचा असावा. रॅम ३२ जीबी, दोन पट्ट्यांत घ्यावी. साठवणीसाठी एनव्हीएमई एसएसडीच वापरावी, कारण ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते आणि तिची घरघर कॅबिनेटच्या पत्र्यात उतरते. मदरबोर्डच्या चिपसेटवर छोटा पंखा नाही याची खात्री करावी.

जुळवणी झाल्यावर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) पंख्यांची वक्ररेषा, म्हणजे कोणत्या तापमानाला किती वेग हे ठरवणारी रेषा, स्वतः आखावी. कंपाइल सुरू होताच प्रोसेसरचे तापमान क्षणात उसळते, पण हीटसिंकचा धातू तापायला वेळ लागतो, म्हणून त्या उसळीमागे पंख्याने धावण्यात काही अर्थ नसतो. ‘स्टेप अप टाइम’ किंवा तत्सम पर्यायात काही सेकंदांचा विलंब द्यावा आणि मधल्या तापमानांसाठी रेषा सपाट ठेवावी. मग रात्री, घर शांत असताना, आपला सर्वांत मोठा प्रकल्प मुळापासून कंपाइल करावा, नेहमीच्या जागी बसून ऐकावे, आणि जिथे पंखा पहिल्यांदा कानाला जाणवेल त्याच्या किंचित खाली रेषेचा सपाट भाग ठेवावा.