लिलावात मशीन घेताना: सुटं सामान आधी कागदावर घ्या

जुनं मशीन लिलावात घ्यायचं तर पॅन, जीएसटी नंबर, बयाण्याची रक्कम, पोर्टलवरची नोंदणी हे सगळे करतातच. त्यावर इथे वेळ घालवत नाही. गेल्या खेपेला मीही हे सगळं वेळेत केलं होतं आणि बोलीही जिंकली होती. तरी माझा एक अख्खा हंगाम गेला, कारण मशीनबरोबरचं सुटं सामान मी डोळ्यांनी पाहिलं पण कागदावर घेतलं नाही. या यादीत तीच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल.

माझं छोटं वर्कशॉप कुंडईला आहे. काम बहुतेक ट्रॉलरचं, म्हणजे प्रोपेलरचे शाफ्ट आणि त्यांचे बुश. गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. मालीमला, कुटबणला ट्रॉलर उभे राहतात आणि वर्षभराचे शाफ्ट त्याच दिवसांत निघतात. त्यासाठी मला लांब बेडचा लेथ, म्हणजे धातूचा दांडा फिरवत कातायचं मशीन, मे महिन्याच्या आत हवा होता. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातली ८८ खाण लीज रद्द केली आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या, तेव्हा खाणींवर जगणाऱ्या वर्कशॉपांचं काम आटलं. डिचोलीकडच्या अशाच एका वर्कशॉपची यंत्रं एका बँकेने लिलावात काढली. त्यात १४ फुटी बेडचा, बटाला बनावटीचा लेथ होता. लिलावाच्या यादीत तो लॉट ७.

पाहणीच्या दिवशी त्या लेथची स्टेडी, म्हणजे लांब शाफ्टला मध्ये आधार देणारा सुटा भाग, भिंतीकडच्या रॅकवर ठेवलेली होती, वर ग्रीसचा जाड थर. मी बोटाने ग्रीस खरवडून तिन्ही बोटांची गनमेटलची टोकं बघितली, फारशी झिजलेली नव्हती. मनात म्हटलं, वा, स्टेडीसकट मिळतोय. तिथेच चूक झाली. तो रॅक लॉट ७ मध्ये नव्हताच. ‘मिश्र भंगार, किलोवर’ अशा नावाचा लॉट १२ होता आणि रॅकवरचं सगळं त्यात गेलं. भंगारवाल्याने आपला माल माझ्या दोन दिवस आधी उचलला. मी हायड्रा (क्रेन) घेऊन पोचलो तेव्हा रॅकही जागेवर नव्हता. अधिकाऱ्याने कागद पुढे केला: ‘लेथ मशीन, १ नग’. एवढंच लिहिलं होतं. मी तासभर भांडलो. उपयोग काहीच झाला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांचं कागदावर काहीच चुकलं नव्हतं.

भंगारवाल्याकडे तिसऱ्या दिवशी गेलो. स्टेडी सापडली, पण दोन तुकड्यांत. वरची कमान घणाने तोडलेली, तुटलेल्या कडेला बीड (ओतीव लोखंड) करड्या रंगाचं, दाणेदार, ताजं चमकत होतं. गनमेटलची टोकं काढून वेगळ्या डब्यात टाकलेली, कारण त्यांना भाव जास्त. तिथला पोरगा म्हणाला, ‘पात्रांव, दोन दिवस आधी आला असतात तर अख्खी दिली असती.’

ज्यांना स्टेडीचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लांब शाफ्ट दोन्ही टोकांना धरला तरी मध्ये लवतो, आणि हत्यार लागलं की थरथरतो. स्टेडी त्याला मध्येच तीन बोटांनी धरून ठेवते. शाफ्टच्या तोंडावर काम करायचं असेल तर शाफ्टचं ते टोक धरणारा टेलस्टॉक मागे न्यावा लागतो, मग स्टेडीशिवाय पर्यायच नाही. ती ज्या त्या लेथच्या बेडवर बसणारी आणि त्याच्याच सेंटरच्या उंचीची असावी लागते. दुकानात जाऊन ‘एक स्टेडी द्या’ म्हणून मिळत नाही. मी बेळगावला उद्यमबागेत पॅटर्न करून घेतला, ओतीव काम करून घेतलं, मग मशीनिंग. ती हातात आली तेव्हा ऑगस्ट उजाडला होता आणि ट्रॉलर पाण्यात गेले होते. ज्या तांडेलांना मी मेमध्ये शब्द दिला होता त्यांनी शाफ्ट दुसरीकडून करून घेतले. त्यांना दोष कसा देऊ?

आता तयारी.

नोटीस आली की आधी सगळ्या लॉटांची यादी वाचा. फक्त आपल्या लॉटची नाही, सगळ्यांची. ‘मिश्र भंगार’, ‘टूलरूममधील साहित्य’, ‘कपाट व त्यातील वस्तू’ असे लॉट दिसले की समजा, तुमच्या मशीनचं सुटं सामान बहुधा तिथे आहे. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम ६४ मध्ये लिलावाचं लिहिलंय: माल लॉटांत विकायला ठेवला असेल, तर प्रत्येक लॉट हा प्रथमदर्शनी वेगळा करार. त्यामुळे ‘हे त्याच मशीनचं आहे’ हा तुमचा युक्तिवाद कितीही खरा असला तरी वस्तू ज्या लॉटमध्ये लिहिली, ती त्याची. गरज वाटली तर त्या भंगाराच्या लॉटवरही बोली लावा. मी तेव्हा लावली असती तर स्टेडी घरी आली असती.

पाहणीला जाताना टॉर्च, टेप, चुंबक, चिंध्या, डिझेल हे लागतंच. बरोबर ते मशीन चालवलेला मिस्त्री न्या. मालकाला गिअरबॉक्स दिसतो, मिस्त्रीला न दिसणाऱ्या वस्तू आठवतात. आमच्याकडे देवळात पावणी, म्हणजे लिलाव, होते तेव्हा नारळ समोर असतो, हातात घेऊन बोली लावता येते. मशीनच्या लिलावात तसं नसतं. समोर दिसतं ते सगळं तुमच्या बोलीत असतंच असं नाही, हे पाहणीच्या दिवशी डोक्यात पक्कं ठेवा.

लेथ असेल तर ट्रू चक, डॉग चक (चक म्हणजे काम जबड्यांनी, म्हणजे जॉंनी, धरणारा भाग), ट्रू चकाचे उलटे जॉ, चकाची किल्ली, फेस प्लेट, ड्रायव्हिंग प्लेट, टूलपोस्ट आणि त्याची किल्ली, टेलस्टॉकचा सेंटर, फॉलोअर रेस्ट, आणि स्टेडी. स्टेडी. चेंज गिअर मोजा, नुसते बघू नका, दाते मोजा. इंचाचा लीडस्क्रू (आटे पाडताना हत्यार सरकवणारा स्क्रू) असलेल्या जुन्या लेथवर १२७ दात्यांचा गिअर आहे का ते विशेष बघा, मिलिमीटरचे आटे पाडायला तो लागतो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७, आणि १२७ ला कुठल्याही लहान संख्येने भाग जात नाही. म्हणून त्या जागी दुसरी जोडी लावली तर आटे जवळपास येतात, अचूक येत नाहीत. शाफ्टच्या नटाला जवळपास चालत नाही. चक स्पिंडलवर बसतो कसा, आट्यांवर की कॅमलॉकवर, तेही बघा. बॅकप्लेट नसलेला चक दुसऱ्या लेथचा असू शकतो.

मिलिंग असेल तर आर्बर, आर्बरच्या स्पेसर रिंगा, व्हाइस, डिव्हायडिंग हेड आणि त्याच्या भोकांच्या प्लेटा. सरफेस ग्राइंडर असेल तर मॅग्नेटिक चक आणि व्हीलचे फ्लँज. सीएनसी (संगणकाने चालणारं मशीन) असेल तर हायड्रॉलिक पॉवर पॅक, स्टॅबिलायझर, आणि कंट्रोलच्या पॅरामीटरचा बॅकअप. मशीन महिनोन्‌महिने बंद पडून असेल तर मेमरीची बॅटरी उतरून पॅरामीटर गेलेले असतात. मग मशीन शाबूत असूनही चालू होत नाही. बॅकअप ही पण वस्तूच आहे, तिचं नाव लिहून घ्या. जनरेटरचं पॅनेल, कॉम्प्रेसरच्या टाकीचे कागद, हे तुमचं तुम्ही बघा.

आता मुख्य. हे सगळं पाहिल्यावर तिथेच, उभ्या उभ्या, यादी लिहा. लॉट नंबर, वस्तूचं नाव, संख्या, कुठे ठेवलेली आहे. ‘इतर सामान’ असा शब्द कुठेही येऊ देऊ नका. खाली ‘वरील वस्तू लॉट ७ सोबत पाहिल्या’ असं लिहून हजर असलेल्या प्रतिनिधीची सही, तारीख घ्या. सही देत नसेल तर भांडत बसू नका, घरी या आणि त्याच संध्याकाळी अधिकृत अधिकाऱ्याला मेल करा: ‘लॉट ७ सोबत खालील वस्तू विक्रीत समाविष्ट आहेत का, हे लिलावापूर्वी लेखी कळवावे.’ यादी मेलच्या मजकुरात, फोटो जोडून. प्रत्येक फोटोत वस्तू आणि मशीनचा नंबर दोन्ही एकाच चौकटीत यायला हवेत. वेगवेगळे फोटो काढलेत तर ती स्टेडी त्याच मशीनची होती हे तुम्ही दाखवणार कशावरून? माझ्या फोनमध्ये स्टेडीचा फोटो होता. सुंदर, जवळून काढलेला. मागे नुसती भिंत. काडीचा उपयोग झाला नाही.

फोनवर ‘हो हो, सगळं मिळेल’ म्हणतील. मलाही म्हटलं होतं. फोन म्हणजे काही नाही. उत्तर लेखी आलं तरच ती वस्तू तुमची. उत्तर नाही आलं, तर ती नाही असं धरूनच बोलीचा आकडा काढा. म्हणजे नुसती किंमत शून्य धरू नका. नवीन करून घ्यायला जो खर्च येईल तो वजा करा आणि त्यात जाणारे दिवस पण मोजा. माझ्या बाबतीत पैशापेक्षा दिवस महाग पडले.

नोटिशीत ‘जसे आहे जेथे आहे’ असं असतंच. लोक ते वाचून हात टेकतात, पण नीट समजून घ्या. या अटीने गंज, झीज, बिघाड यांची तक्रार बंद होते. मात्र त्याच १९३० च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे. वर्णनात ‘स्टेडीसह’ असेल आणि स्टेडी नसेल तर तुमच्याकडे बोलायला भक्कम जागा आहे. वर्णनात ‘लेथ मशीन, १ नग’ असेल तर जागाच नाही. म्हणून तो लेखी खुलासा लिलावाच्या आधी हवा, नंतरचा नको. अटींमध्ये शंका विचारायची शेवटची तारीख दिलेली असेल तर ती आधी वहीत लिहा. विक्रेत्याने शुद्धिपत्रक काढून वर्णन सुधारलं तर सर्वात उत्तम. त्यासाठी दोनदा फोन करावा लागला तरी करा, पण मागणी लेखीच ठेवा.

बोलीच्या दिवशी ठरलेल्या आकड्याला थांबा. यावर जास्त सांगत नाही.

जिंकलात की पैसे भरा आणि त्याच दिवशी जागेवर जा. डिलिव्हरी ऑर्डरची, म्हणजे माल उचलायच्या लेखी परवानगीची, वाट बघत घरी बसू नका. वेगळं ठरलेलं नसेल तर कायद्याने माल हरवण्या-बिघडण्याचा धोका मालकीबरोबर सरकतो, तेव्हा मालकी नेमकी कधी तुमची होते ते अटींत वाचून ठेवा. तुमची यादी घेऊन प्रत्येक वस्तू परत मोजा, शक्य झालं तर परवानगी घेऊन मशीनलाच तारेने बांधा आणि लॉट नंबरची चिठ्ठी लावा. एखादी वस्तू गायब असेल तर त्याच दिवशी मेल. बाकीच्या लॉटवाल्यांचे उचलायचे दिवस कोणते ते रखवालदाराला विचारा आणि भंगारवाल्याच्या आधी पोचा. त्याच्या आधी.

डिलिव्हरी ऑर्डरवर आणि गेटपासवर तीच यादी पुन्हा नावानिशी आली पाहिजे. ‘१ नग’ लिहिलेल्या गेटपासवर सही करू नका. कमी असेल तर गेटपासवरच ‘अमुक वस्तू मिळाली नाही’ असं लिहून सही करा आणि फोटो काढा. पूर्ण मिळालं अशी सही केल्यावर पुढे कोणी ऐकत नाही.

हायड्रा, ट्रेलर आदल्या दिवशी सांगा. ५०,००० रुपयांच्या वरचा माल असेल तर ई-वे बिल. टेलस्टॉक आणि कॅरेज आवळून घ्या. सुटं सामान ट्रेलरवर टाकू नका, गोणीत भरून आपल्या गाडीत ठेवा. मे महिना असेल तर बेडला ग्रीस आणि वर ताडपत्री, वाटेत पाऊस गाठतो.