करडईच्या तेलाने कोलेस्टेरॉल उतरते का, याची पडताळणी कशी करावी

करडईचे तेल हृदयाला चांगले, असे मराठवाड्यात घरोघरी सांगितले जाते. या म्हणण्याला आधार आहे, कारण ‘परभणी कुसुम’सारख्या आपल्याकडच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल (कोलेस्टेरॉल उतरवण्यास मदत करणारा असंपृक्त मेद) असते आणि संपृक्त मेद जेमतेम दहा टक्के असतो. मात्र आपल्या स्वतःच्या रक्तावर त्याचा काय परिणाम होतो हे पाहायचे असेल, तर घाण्यावरून डबा आणून महिनाभराने एकदा रक्त तपासणे पुरेसे नाही.

आधी घरात कोणते तेल होते, यावर जवळजवळ सगळे अवलंबून असते. पामतेल किंवा वनस्पती तूप सोडून करडईवर आल्यास एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उतरण्याची शक्यता चांगली असते. सोयाबीन किंवा सूर्यफुलाचे नेहमीचे तेल वापरणाऱ्याला मोठा फरक दिसण्याचे कारण नाही, कारण त्या तेलांतही लिनोलेइक आम्लच जास्त असते. शिवाय नवे तेल जुन्याच्या जागी यायला हवे, त्यात भर म्हणून नव्हे. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज 25 मिलिलिटर होते; तेवढेच मोजून काढावे आणि ठेच्यावर किंवा भाकरीसोबत घेतलेले कच्चे तेलही त्यातच धरावे. शक्यतो एकाच हंगामाच्या बियांचे तेल दर महिन्याला ताजे गाळून घ्यावे.

काहीही न बदलता एकाच माणसाचे एलडीएल दोन वेळा मोजले, तरी ते पाच-दहा टक्क्यांनी मागेपुढे होते. म्हणून तेल बदलण्याआधी आठवडाभराच्या अंतराने दोनदा रक्त द्यावे आणि सरासरी काढावी. त्यानंतर सहा आठवडे करडईचे तेल खाऊन पुन्हा तसेच दोनदा तपासावे. प्रयोगशाळा एकच असावी, रक्त सकाळी उपाशीपोटी द्यावे आणि त्याआधी दहा-पंधरा मिनिटे बसून राहावे. ट्रायग्लिसराइड (रक्तातला आणखी एक मेद) 400 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर थेट न मोजता इतर आकड्यांवरून सूत्राने काढलेल्या एलडीएलवर विसंबता येत नाही. ताप किंवा मोठे आजारपण येऊन गेले असल्यास काही आठवडे थांबावे. दिवाळी, लग्नसराई आणि धोंड्याचा महिना या काळात पडताळणी सुरूच करू नये, कारण तळणाचा हिशेब कोणीही ठेवत नाही. त्याच सुमारास सकाळचे फिरणे सुरू केले किंवा वजन घटले, तर श्रेय तेलाला द्यावे की पायांना, हे सांगता येणार नाही.

समजा, एलडीएलचे आधीचे आकडे 142 आणि 150, म्हणजे सरासरी 146. नंतरचे 131 आणि 137, म्हणजे सरासरी 134. ही बारा अंकांची घट साधारण आठ टक्के होते. ती आशादायक आहे, पण एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. माझ्या मते खरी कसोटी इथून पुढे लागते: सहा आठवडे जुन्या तेलावर परतून पुन्हा रक्त तपासावे. आकडा पुन्हा चढला तर उतार तेलामुळेच होता, असे म्हणायला जागा मिळते; न चढल्यास कारण दुसरीकडे शोधावे.

आकडा उतरला म्हणजे धोका टळला, असेही नाही. सिडनीत 1966 ते 1973 या काळात हृदयविकार झालेल्या 458 पुरुषांवर झालेल्या अभ्यासात करडईचे तेल आणि त्यापासून केलेले मार्गारिन (लोण्याऐवजी वापरायचा पदार्थ) खाणाऱ्या गटाचे कोलेस्टेरॉल घटले, तरी त्या गटात मृत्यू अधिक झाले. त्या मार्गारिनमधील मेदाचा त्यात किती वाटा होता, यावर वाद आहे. म्हणून डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी लावलेली असेल, तर या पडताळणीसाठी ती बंद करू नये आणि सगळे आठवडे मात्राही बदलू नये. एलडीएल 190 किंवा त्याहून अधिक असल्यास तेलाची वाट न पाहता आधी दवाखाना गाठावा.