पावणेतीनला 'चिक' झालं की

जानेवारीतली रात्र, बाहेर सगळं गोठलेलं, आणि पावणेतीनला वरच्या मजल्यावर कुठेतरी 'चिक'. मिनिटभर शांतता. पुन्हा 'चिक'. न्यू जर्सीत एडिसनला आमच्या घरात सात स्मोक अलार्म आहेत. बायको म्हणाली, "आईंच्या खोलीतला." आई म्हणाली, "माझ्या खोलीत कुठं, अरे जिन्यातला तो." मी शिडी लावून दोन्हीकडच्या बॅटऱ्या बदलल्या. चिक चालूच. शेवटी चोर सापडला तो माझ्याच टेबलाच्या खणात: आधीच्या वर्षी बदललेला जुना कार्बन मोनॉक्साइड अलार्म. बॅटरी न काढताच मी तो खणात टाकून दिला होता.

तेव्हा पहिलं काम, ओरडतोय कोण ते ठरवा. हा आवाज इतका बारीक आणि तीव्र असतो की भिंतींवर आपटून तो कुठूनही आल्यासारखा वाटतो. एकेका अलार्मखाली पूर्ण मिनिटभर उभे राहा, घाई करू नका. कपाटं, बेसमेंट, गराज विसरू नका. आणि हे नेमकं रात्रीच का होतं? हीटिंग कमी केलेलं असतं, घर गार होतं, थंडीत मरायला टेकलेल्या बॅटरीचा व्होल्टेज आणखी खाली जातो. सकाळी घर तापलं की अलार्म गप्प, आणि आपणही विसरतो. पुढच्या रात्री परत तेच.

आवाजाची भाषा एकदा समजून घ्या. मधूनमधून एकच चिक म्हणजे बॅटरी संपत आली किंवा अलार्मचं आयुष्य संपलं. तीन मोठे बीप, थांबा, पुन्हा तीन, असं आलं तर धूर आहे. चार बीपचा गट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड: या विषारी वायूला ना रंग ना वास, त्यामुळे "काही दिसत तर नाही" म्हणत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ९११ ला फोन करा.

नवी बॅटरी घालूनही चिक थांबत नसेल, तर आमच्यासारख्या वायरवाल्या अलार्मला ही युक्ती करा. (हे १२० व्होल्टवर चालतात. आतली ९ व्होल्टची बॅटरी वीज गेल्यावरची सोय असते.) आधी त्या सर्किटचा ब्रेकर बंद करा. अलार्म घड्याळाच्या उलट दिशेला फिरवून छतावरून सोडवा, मागचा प्लग काढा, बॅटरीही काढा. आता टेस्टचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. आत उरलेला चार्ज निघून जातो, आणि कधी कधी दाबताना एक शेवटचं केविलवाणं 'पीं' येतं. मग नवी बॅटरी, प्लग, ब्रेकर. बॅटरीचं झाकण टक् करून बसलंय ना, ते बघा. माझ्याकडे एकदा तेवढंच राहिलं होतं.

तरीही थांबत नसेल तर पाठीवरची उत्पादनाची तारीख वाचा. स्मोक अलार्म दहा वर्षांनी बदलायचा, मग तो बटण दाबल्यावर कितीही जोरात ओरडो. आम्ही २०१९ मध्ये घर घेतलं तेव्हा सातही अलार्मवर २००८ होतं, प्लास्टिक जुन्या रेडिओसारखं पिवळं पडलेलं. एका शनिवारी सगळे बदलले. एकमेकांना जोडलेले असतील तर नवे एकाच कंपनीचे, एकमेकांशी जुळणारे घ्या, नाहीतर एक वाजला तरी बाकीचे झोपलेलेच राहतात.

आता खरा मराठी प्रश्न: फोडणी. आई ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या भाजायला घेते आणि तिसऱ्या मिनिटाला सातही अलार्म कोकलायला लागतात. आमचा स्वयंपाकघराजवळचा अलार्म आयोनायझेशन प्रकारचा होता. त्यात अमेरिसियम-२४१ या किरणोत्सर्गी धातूचा कण असतो. भडकलेली आग तो लवकर पकडतो, पण कढईतल्या वाफा-धुराला चटकन फसतो. फोटोइलेक्ट्रिक प्रकार प्रकाशावर चालतो, धुमसणारी आग आधी ओळखतो, आणि फोडणीला जरा कमी बिचकतो. स्वयंपाकघराजवळ तोच लावला, शेगडीपासून दहा फूट लांब. शिवाय शेगडीवरच्या, धूर ओढणाऱ्या हूडची तपासणी करा. इथली बरीच हूड हवा बाहेर टाकतच नाहीत, जाळीतून गाळून वरून परत घरातच सोडतात. आमचं तसंच निघालं, म्हणून मिरच्या भाजताना खिडकी उघडी.

अलार्मवर हश बटण असेल तर दाबा, आठ-दहा मिनिटं गप्प बसतो. "पाहुणे गेले की घालू" म्हणून बॅटरी काढून ठेवणं किंवा प्लास्टिकची पिशवी बांधणं मात्र नको. पाहुणे जातात, पिशवी तशीच राहते, हे मी दोन घरांत पाहिलंय. गणपतीत आरती अलार्मपासून लांब करा. कापराची काजळी त्यांना फार झोंबते.

बाकी निगा थोडीच आहे. महिन्यातून एकदा टेस्ट बटण, आधी आईला सांगून. अलार्म जोडलेले असतील तर घरातल्या एकाला बेसमेंटमध्ये उभं करून तिथलाही वाजतो का ते विचारा. सहा महिन्यांनी व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने जाळी साफ करा, कारण धूळ आणि आत शिरलेला कोळीसुद्धा खोटा अलार्म देतो. पाणी, स्प्रे, रंग यातलं काही लावू नका. बदलायच्या बॅटऱ्या मी मार्च आणि नोव्हेंबरमध्ये इथे घड्याळं एक तास पुढेमागे करायच्या दिवशी बदलतो, आणि तारीख मार्करने अलार्मच्या कडेवरच लिहितो. दहा वर्षांची सीलबंद बॅटरी असेल तर तेवढं काम वाचतं.

जुना अलार्म काढलात की आधी बॅटरी काढा, मग तो गावच्या रिसायकलिंगच्या नियमांप्रमाणे टाका. टेबलाच्या खणात नको.