विमानाच्या पोटातला प्रवासी

एकोणीस वर्षं मी विमानं उडवली. त्यातली बरीच वर्षं 'नोटॉक' नावाच्या कागदाशी माझा संबंध सही करण्यापुरताच होता. होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात, धोकादायक किंवा खास सामान असलं की उड्डाणाआधी हा कागद कॅप्टनच्या हातात येतो. बॅटऱ्या, रसायनं, ड्राय आइस, आणि त्यांच्याच पंगतीला 'एव्हीआय', म्हणजे जिवंत प्राणी.

एका रणरणत्या दुपारी दारं बंद झाल्यावर आम्ही जागच्या जागी दीड तास अडकलो. प्रवासी कुरकुरत होते, म्हणून मी तीनदा माइकवरून माफी मागितली. मागच्या होल्डमध्ये बॉक्सर जातीचा एक कुत्रा होता. त्याच्या कागदावर सही माझीच, पण तो मला आठवला थेट उतरल्यावर, लोडरनं खालून हाक मारली तेव्हा. कुत्रा वाचला. पेटीच्या जाळीला आतून रक्त लागलं होतं. त्यानं दातांनी आणि नखांनी जाळी ओरबाडली होती.

लोकांना वाटतं मी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. दिला चार वर्षांनी. आता प्राण्यांच्या हक्कांसाठी पूर्णवेळ काम करते, आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच: प्राणी विमानानं न्यायचा तर कसा न्यायचा?

आधी, न्यायचाच का? सुट्टीसाठी असेल तर नका नेऊ. आठवडाभर ओळखीच्या माणसाकडे राहणं त्याला कितीतरी सुखाचं. घरच कायमचं हलणार असेल तर पुढे वाचा. चपट्या नाकाचे, म्हणजे पग, बुलडॉग, बॉक्सर, पर्शियन मांजर, यांच्या बाबतीत माझं उत्तर बहुतेक वेळा 'रस्त्यानं न्या' असंच असतं. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, आणि यांची श्वासाची वाटच अरुंद. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू तर नेऊच नका. नियमातही ते बसत नाही.

पेटी दुकानदाराच्या अंदाजानं घेऊ नका. घरी टेप घेऊन मोजा. आयाटाचं, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं, सूत्र सोपं आहे. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवा: ही पेटीची लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट ही रुंदी. उभा असताना डोक्याच्या किंवा कानाच्या टोकापर्यंतची उंची, अधिक अंथरुणाची जाडी, ही उंची. समजा कुत्रा ८० सेंमी लांब, कोपर ४० वर, खांदे २५ आणि कान ६५ वर. मग पेटी आतून किमान १०० लांब, ५० रुंद आणि ६५ अधिक अंथरूण इतकी उंच हवी. चपट्या नाकाचा असेल तर प्रत्येक माप १० टक्क्यांनी वाढवा. पेटीचे दोन भाग प्लॅस्टिकच्या खटक्यांवर असतील तर ते काढून धातूचे नटबोल्ट लावा. चाकं काढून टाका. पाण्याचं भांडं दाराला आतून पक्कं, पण बाहेरून भरता येईल असं. तोंडाला मुसकं नको.

पेटी निदान महिनाभर आधी आणा आणि दार उघडं ठेवून घरात राहू द्या. त्यात त्याला आपणहून झोप लागली की अर्धं काम झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी तुमचा न धुतलेला टी-शर्ट आत टाका.

गुंगीचं औषध देऊ नका, कोणी कितीही सुचवलं तरी. त्यानं रक्तदाब आणि श्वास मंदावतो, तोल जातो, आणि वर केबिनमधला हवेचा दाबसुद्धा ६,००० ते ८,००० फुटांवरच्या डोंगरासारखाच असतो. होल्डमध्येही तेवढाच, तिथे हवा नसते हा गैरसमज. फरक पडतो तो तापमानाचा आणि खेळत्या हवेचा. काही कप्प्यांत दोन्हीची सोय असते, काहींत नसते, आणि हे विमानागणिक बदलतं. ड्राय आइस शेजारी असेल तर आणखी वाईट, कारण त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटत राहतो.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचं काम दोन मिनिटांचं. विमानात चढताना दारातल्या कर्मचाऱ्याला शांतपणे सांगा, "माझा कुत्रा होल्डमध्ये आहे. कॅप्टनना तेवढं कळवाल का?" लाजू नका. मला असा निरोप आला की मी कागद पुन्हा उघडायचे, पेटी कोणत्या कप्प्यात आहे ते बघायचे, तापमान तपासायचे. धोका आकाशात कमी असतो. जास्त असतो तो जमिनीवर, उन्हात उभ्या ट्रॉलीवर आणि खोळंबलेल्या विमानात. उड्डाण रखडलं की पुन्हा सांगा. त्या दुपारी मला कोणी सांगितलं असतं तर मी दार उघडायला लावलं असतं.

चेकलिस्ट लिहून ठेवा. हुशार माणसंच विसरतात. १९३५ साली बोइंगचं मॉडेल २९९ चाचणीत कोसळलं, कारण अनुभवी वैमानिक शेपटीकडच्या हलत्या भागांना जमिनीवर असताना लावलेलं कुलूप काढायला विसरले होते. विमानातली चेकलिस्ट रुळली ती त्यानंतर.

माझ्या नोटॉकवर प्रयोगशाळेत जाणारी माकडंही असायची. त्यांच्या पेटीत कोणाचा टी-शर्ट नसतो. लांब शेपटीच्या मकाक माकडाची २०२२ मध्ये धोक्यात आलेल्या प्रजातींत नोंद झाली, आणि त्याच वर्षी एअर फ्रान्सनं प्रयोगांसाठी माकडं नेणं थांबवणार असल्याचं जाहीर केलं. तुम्हाला याबद्दल एखाद्या कंपनीला लिहायचं असेल तर शिव्या, रडके चेहरे काही घालू नका. पहिल्या पत्रात फक्त तीन प्रश्न: प्रयोगांसाठी माकडं नेता का, याबद्दल लेखी धोरण आहे का, आणि भाड्यानं दिलेल्या विमानांना ते लागू आहे का. तिसऱ्या प्रश्नावर उत्तर यायला वेळ लागतो. दर महिन्याच्या एक तारखेला तेच पत्र पुन्हा पाठवा, वर आधीच्या पत्राची तारीख लिहून.

आणि हो, उतरल्यावर पेटी उघड्यावर उघडू नका. घाबरलेला प्राणी आधी पळतो, मग तुम्हाला ओळखतो. खोली बंद करा, जमिनीवर बसा, दार उघडा आणि त्याला बाहेर यायला लागेल तेवढा वेळ घेऊ द्या.